केस स्टडी कशी वाचायची: अनिता डोंगरे

अनिता डोंगरेंची गोष्ट सगळीकडे एकाच सुरात येते: १९९५, दोन शिलाई मशीन, मग देशभर दुकानं. प्रेरणा म्हणून छान, पण केस स्टडी म्हणून कच्ची. कारण नमुना यश बघूनच निवडलाय. उल्हासनगर कॅम्प २ मध्ये, गजानन मार्केटच्या आसपास, दोन मशीनवर सुरुवात केलेल्या बायका शोधा, धंदा बंद पडलेल्यांसकट. त्यांच्याशी तुलना केल्यावरच जिद्दीचा वाटा किती ते कळेल. (बंद दुकानाची मुलाखत कुणी घेत नाही, हा भाग वेगळा!) शिवाय दुकानांनी कपडे नाकारल्यावर डोंगरेंनी स्वतःचा ब्रँड काढला, २०१३ मध्ये जनरल अटलांटिकचं भांडवल आलं. हे टप्पे एका ओळीत उरकले जातात. मला तर खरा संशोधनप्रश्न तिथेच दिसतो: नकारानंतर दुकान टाकायला पैसा, उधारी कुणाला मिळते?