कोपऱ्यावरचे दुकान

घराजवळच्या दुकानदाराची स्तुती करावयाची झाली म्हणजे आपण त्यास 'अगदी घरच्यासारखा' म्हणतो. ही स्तुती अस्थानी आहे, हे जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेच्या 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' (१९६१) या ग्रंथावरून ध्यानात येते. ग्रंथ नगररचनेवरचा खरा. परंतु त्यातील पदपथांविषयीची प्रकरणे कोणाही रसिकाने वाचावीत अशी आहेत.

बाई न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात हडसन स्ट्रीटवर राहत. तेथील रिवाज असा की, आपण परगावी असताना पाहुणा येणार असेल, तर घराची किल्ली कोपऱ्यावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानात ठेवावी. अशा किल्ल्यांसाठी दुकानदाराने एक निराळा खणच राखलेला. दुसरा एक दुकानदार एकाच सकाळी कोणास छत्री देतो, कोणाची पुडकी ठेवून घेतो, कोणाचे घड्याळ समोरच्या कारागिराकडे पोचविण्याचे पत्करतो. पण गिऱ्हाइकांची परस्परांशी ओळख करून देता काय, असे विचारताच तो दचकतो आणि ते बरे नव्हे म्हणतो!

बाईंच्या प्रतिपादनाचे सार या नकारात आहे. पाहुणा कोण, कशासाठी आला, हे दुकानदार विचारीत नाही. म्हणूनच किल्ली त्याच्या हाती निर्धास्तपणे देता येते. नातलगास खुलासा द्यावा लागतो, मित्रास मन उघडे करावे लागते. वाण्याशी पावसापाण्याविषयी दोन शब्द बोलले की पुरे होते. त्याचा दिलासा तो घरचा नसल्यामुळेच आहे. अशी बेताची ओळख जुळण्यास जेथे जागाच नसते, तेथे माणसांपुढे दोनच मार्ग उरतात : शेजाऱ्यास सारे घर मोकळे करणे, नाहीतर दार लावून घेणे. बहुतेक जण दारच लावून घेतात, हे बाईंचे निरीक्षण आमच्याकडील नव्या वसाहतींत राहणाऱ्यांस सहज पटेल.

तथापि एक गोष्ट येथे गृहीत धरली आहे. वर्णभेदाचा प्रश्न बाई टाळीत नाहीत. परंतु दुकानाची पायरी कोणासही चढता येते, असे धरूनच त्या ओळखीची वाढ वर्णितात. पायरीवरच मज्जाव असेल तर काय, याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात आहे. त्यांच्या बालपणी साताऱ्यास न्हावी होते आणि पैसे देण्याची ऐपतही घरात होती. पण अस्पृश्याची हजामत करण्यास एकही न्हावी तयार नसे. भावंडांचे केस थोरली बहीण कापी, आणि कापता कापताच ती त्या कामात तरबेज झाली. न्हाव्याचे दुकान म्हणजे गावगप्पांचे घर, असे कौतुकाने लिहिणाऱ्यांनी हा मजकूर शेजारी ठेवून पाहावा.

यामुळे जेकब्सबाईंचे तत्त्व खोटे ठरते काय? आमच्या मते नाही. उलट त्याचा खरा आधार उघड होतो. दुकानदार काही विचारीत नाही, यातच त्या ओळखीचे सारे सुख आहे. जेथे 'तुम्ही कोण?' हाच पहिला प्रश्न, तेथे किल्ल्यांचा खण कसा असणार? जुनी दुकाने मोडली म्हणून हळहळणारे लेखन हल्ली पुष्कळ होते. ती हळहळ खोटी नाही. त्या दुकानाच्या पायरीखाली कोण उभे राहत होते, तेही त्या लेखकांनी लिहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.