मोफत की मुक्त?

लिनक्सची ओळख करून देणारे जे मराठी लेख माझ्या वाचनात आले, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला मुद्दा एकच असतो: ही ऑपरेटिंग सिस्टम मोफत मिळते. धाराशिव जिल्ह्यात इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला नेमका हाच मुद्दा सगळ्यात कमी पटतो.

२०१६च्या उन्हाळ्यात मी लॅपटॉपवर उबुंटू १६.०४ टाकलं. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं आणि जिओ यायला काही महिने होते. एक जीबीचं रिचार्ज आम्ही महिनाभर पुरवून वापरायचो. उबुंटूची फाइल सुमारे दीड जीबीची. शेवटी पुण्याहून आलेल्या एका सीनिअरच्या पेनड्राइव्हमधून ती होस्टेलवर पोचली. विंडोज मात्र दुकानात शे-दोनशे रुपयांत टाकून मिळायचं, अर्थात चोरीचं. त्यावर वायफाय चालायचं, प्रिंटर चालायचा. माझ्या उबुंटूला वायफायचा ड्रायव्हर हवा होता आणि तो उतरवायला इंटरनेट हवं होतं. शिवाय एमएस-सीआयटीत सगळे विंडोजच शिकलेले, त्यामुळे अडलं तर विचारायचं कुणाला? हिशेब मांडला तर मोफतचंच महाग पडत होतं.

तरीही ते ठेवावंसं वाटलं, त्याला कारण झाली आमच्या शाळेच्या स्मरणिकेची फाइल. तीत मुख्याध्यापकांचा १९७२च्या दुष्काळावरचा लेख होता. सर तोवर गेले होते. उबुंटूवर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी. रूममेट म्हणाला, "तुझ्या लिनक्सला मराठी येत नाही."

पण त्याच मशीनवर युनिकोडमधलं मराठी स्वच्छ दिसत होतं. फाइल बनली होती डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. असे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवतात. फॉन्ट काढला की खाली मराठी उरतच नाही. म्हणजे सरांचा लेख मराठीत साठवलेला नव्हताच. तो एका विकत घ्यायच्या फॉन्टच्या भरवशावर मराठी दिसत होता.

मग पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून तो मजकूर युनिकोडमध्ये आणला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. 'दुष्काळ' पहिल्याच फटक्यात जमला, 'वर्षा'ने मात्र दोन रात्री घेतल्या. हे काम विंडोजवरही झालं असतं. पण मजकूर आणि तो दाखवणारं साधन या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साधन उघडून पाहता येतं, हे मला उबुंटूने शिकवलं.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून इंग्रजीतल्या 'फ्री'चा अर्थ त्यांना समजावत बसावं लागलं आहे, कारण त्या भाषेत दोन्ही अर्थांना शब्द एकच. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन सरळ वेगळे शब्द आहेत. तरी आपण चुकीचा उचलतो. मोफत म्हटलं की वाचक किंमत बघतो, आणि चोरीच्या विंडोजपुढे ती लढाई हरलेलीच असते.

केरळात २००२पासून काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाने स्वतःचं नावच 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' ठेवलं. तिथल्या सरकारी शाळांतलं संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालतं आणि शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळतं. साधनं आपल्याकडेही आहेत: रेड हॅटने २००४मध्ये खुला केलेला लोहित फॉन्ट कुणीही वापरावा, बदलावा. पण हे आमच्या होस्टेलवर सांगायला कुणी आलं नव्हतं.

तेव्हा लिनक्सवर पुढचा लेख लिहिणाऱ्याने किंमत शेवटी सांगावी. आधी वाचकाला त्याच्या गावातली एखादी वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडायला सांगावं.