चेहऱ्यावरचा उजेड

नवशिक्या छायाचित्रकाराची सारी धडपड असते ती चेहरा रेखीव उमटावा म्हणून. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या इंग्रज बाईंच्या हाती कॅमेरा आला तो १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी. त्यांची चित्रे धूसर म्हणून टीकाकारांनी त्यांना झोडपले. पण १८६७ साली त्यांनी टिपलेले वृद्ध शास्त्रज्ञ जॉन हर्शेल पाहावेत. भोवती काळोख; उजेड तेवढा पांढऱ्या केसांवर, सुरकुत्यांवर आणि खोल डोळ्यांत. रंगांची उणीव भासतच नाही. छाया हाच येथे रंग आहे. रेखीवपणा भिंग देते. उजेड कोठे पडू द्यावा नि कोठे अडवावा, हे मात्र डोळ्यांनाच शिकावे लागते. तेव्हा नवशिक्याने भिंग बदलण्याआधी समोरच्या माणसाला खिडकीपाशी बसवावे आणि घटकाभर नुसते पाहावे.