भोपळ्याविना सूर

आमच्या विश्रामबागेतल्या इमारतीत 'याला गाण्यातलं कळतं' अशी माझी ख्याती आहे. तिला आधार एवढाच, की सिटी बसनं थोडं पुढं गेलं की तंबोऱ्यांची मिरज लागते. शिवाय बँकेत सह्या तपासणारा माणूस सूरही तपासू शकेल, असा वरच्या मजल्यावरच्या अण्णांचा समज.

अण्णा एके काळी ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवत. वाद्य रोलंड कंपनीचं, जुनो-106. हे मॉडेल 1984 साली निघालं. पुण्याच्या मुलानं परस्पर गिऱ्हाईक ठरवलं होतं. अण्णा म्हणाले, "खरं सांग रे, अजून ऐकण्यासारखं आहे का? नसेल तर रविवारी जाऊ दे बापडं." म्हणजे ही समीक्षा नव्हती, जामीन राहण्याचा प्रकार होता.

पहिली बैठक टीव्हीच्या स्पीकरवर झाली. सूर स्वच्छ, पण स्टीलच्या डब्यासारखा. त्यातून दर सहावा सूर गायब! मला वाटलं, अण्णा विसरले. पण या वाद्यात एका वेळी सहाच सूर वाजतात आणि प्रत्येक सुराला स्वतंत्र चिप असते. तुम्ही पट्ट्या दाबत गेलात, की काम एकीकडून दुसरीकडे जातं. एक चिप गेली की दर सहाव्या खेपेला शांतता. सहा काउंटरांपैकी एक कारकून रजेवर गेल्यासारखं. हा अनुभव मला घरचाच आहे, फक्त पलीकडच्या बाजूनं!

दुसऱ्या बैठकीला पुतण्याचा गिटारचा अँप्लिफायर आला. अण्णांनी वायर खुपसली आणि असा काही भोंगा वाजला, की सौ.च्या हातातली कपबशी सुटली. गिटारच्या तारेतून येणारी वीज अगदी नाजूक. सिंथेसायझर त्या मानानं दांडगा. त्याचा आवाज आधी खाली आणायचा आणि मग हळूहळू वाढवायचा, कर्जाच्या मर्यादेसारखा.

वाढवला आणि गंमत झाली. गिटारच्या अँप्लिफायरला बारीक आवाजाचा वेगळा स्पीकर नसतो. त्यामुळं वरचा किणकिणाट गळून पडला, मधले सूर भरले आणि कडेला किंचित खरखर आली. अण्णांनी एकच 'सा' लांबवला, पोर्टामेंटोनं घसरत 'रे'वर नेला, आणि मी मान हलवायची विसरलो.

दोष सांगायचे तर दोन. तीन-चार सूर एकदम दाबले, की खरखरीत त्यांचा गलका होतो; पासबुक भरायच्या रांगेत सगळे एकदम बोलतात तसा. आणि खर्जात गेलं, की गिटारचा स्पीकर कागदासारखा फडफडतो. तो त्या कामाचा नव्हेच. खर्जासाठी बासचा अँप्लिफायर हवा.

ती खरखर कानाला ओळखीची का वाटली? मिरजेच्या कारागिरानं लावलेली जवारी आठवली. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुती दोरा सरकवून तो सुरात मुद्दाम झंकार भरतो. आपण तिला बिघाड म्हणत नाही, जीव म्हणतो. आणि तो झंकार घुमवायला भोपळा असतो. सिंथेसायझरला ना जवारी, ना भोपळा. नुसत्या विजेच्या लहरी. अँप्लिफायरनं त्याला दोन्ही दिलं. ते नुसतं आवाज वाढवायचं यंत्र नाही, त्या वाद्याचं पोट आहे.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली, रोलंडच्याच तीन यंत्रांवर. त्या वेळी तिच्याकडं फारसं कुणी फिरकलं नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक थक्क झाले. माझ्या मते तिचा ठेका फार एकसुरी आहे. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरताना तिथलं यंत्र मींडेच्या इतकं जवळ जातं, की ठेक्याचा गुन्हा माफ. चरणजित सिंग 2015 साली गेले. निदान कौतुक त्यांच्या कानावर पडलं. सगळ्यांचा हिशेब इतक्या उशिरा का होईना, जुळतोच असं नाही.

रविवारी मुलगा आला. मी निकाल दिला, "वाद्य चांगलं, एक चिप आजारी. ती आजही नवी बनवून मिळते. विकायचं ते टीव्हीचे स्पीकर विका." मुलानं वडिलांचा तो लांबलेला 'सा' ऐकला, गिऱ्हाइकाला फोन लावला आणि गॅलरीत जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलला.

वाद्य अजून वरच आहे. रोज संध्याकाळी भिंत हलते. जामीन राहिलेल्या माणसाला हप्ते भरावेच लागतात!