पडद्यामागचे व्हायोलिन

हिंदी चित्रपटगीत ऐकताना आपण गायकाचे नाव घेतो, संगीतकाराचे घेतो, क्वचित गीतकाराचेही घेतो. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत व्हायोलिनांचा ताफा एकदम उसळून येतो, तेव्हा ती वाजविणारे हात कोणाचे, हे मात्र आपण विचारीत नाही. हा प्रश्न चिकाटीने विचारणारा ग्रेगरी बूथ यांचा 'बिहाइंड द कर्टन' हा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २००८ साली प्रसिद्ध केला. बूथ हे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातले संगीताचे अभ्यासक. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाजवून संसार चालविणाऱ्या वादकांच्या त्यांनी प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि त्यांना त्यांच्याच शब्दांत बोलू दिले. आमच्या वाचकांपैकी काहींच्या घराण्यात असा एखादा वादक होऊन गेला असेल. म्हणून या ग्रंथाची दखल, उशिरा का होईना, घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या व्हायोलिनवादकांत गोव्याचे कॅथलिक फार मोठ्या संख्येने होते आणि त्याचे कारण आपल्या धर्मग्रामांत सापडते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांमधून मेस्त मुलांना सोल्फेज, गायन आणि व्हायोलिन शिकवीत असत. हेतू मिस्सेच्या गायनाचा. परंतु कागदावर लिहिलेले स्वर पाहताक्षणी वाजविण्याची विद्या त्या मुलाच्या हाती लागे, आणि तीच त्याच्या पोटापाण्याचे भांडवल होई. गोव्यात तिला गिऱ्हाईक नव्हते, मुंबईत होते. आधी मूकपटांची चित्रगृहे आणि हॉटेले, पुढे बोलपट. संगीतकारापाशी चाल असे. ती स्वरलिपीत उतरवून, तिला हार्मनीची जोड देऊन प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहिणारा संयोजक आणि तो कागद वाचणारे वादक पुष्कळदा गोव्याचे असत.

वाद्यवृंदातील तंतुवादकाचे काम मोठे विलक्षण आहे. बासरीवाल्याला गाण्यात स्वतःची अशी एखादी जागा मिळते. रांगेतल्या व्हायोलिनवादकाला शेजाऱ्याच्या गजाबरोबर आपला गज चालवावा लागतो, आणि त्याचा स्वर वेगळा ऐकू आला तर तो दोष ठरतो. सगळा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत त्या काळात एकाची चूक म्हणजे सर्वांचे वाजविणे पुन्हा पहिल्यापासून. मोबदला वादकाची श्रेणी आणि कामाची वेळ यांवर ठरे. गीत पुढे कितीही गाजले तरी वादकाच्या पदरी त्यातून आणखी काही पडत नसे. पडद्यावरील श्रेयनामावलीतही या रांगेला सहसा स्थान नसे. बूथ यांनी हा सारा व्यवहार, म्हणजे 'लाइनी'त शिरकाव कसा होई, तालमी कशा होत, पैसे कसे मिळत, हे बारकाईने मांडले आहे. या वादकांविषयी कोठेही कळवळ्याचा सूर न लावता त्यांना कसबी कामगार म्हणून मान दिला आहे, हा या ग्रंथाचा मोठा गुण होय.

या संदर्भात दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली माजोर्डे येथे झाला. वडील तेथील चर्चमध्ये गायकवृंदाचे मेस्त होते. १९४३ साली मुंबईस येऊन ते नौशाद यांच्याकडे वाजवू लागले आणि पुढे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू झाले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याच्या ध्यासाने त्यांनी १९५८ साली शंभराहून अधिक वादकांचा स्वतंत्र वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो उपक्रम टिकला नाही. १९६५ साली ते अमेरिकेस गेले, परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर माजोर्ड्यातच राहिले आणि २०१२ साली निवर्तले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफले. लक्षावधी लोकांनी ते नाव गुणगुणले. ते इस्टरच्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या एका गमतीदार पात्राचे नाव, एवढेच बहुतेकांना ठाऊक.

दुसरे सेबॅस्टियन डिसोझा. फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद होता. मुंबईत आल्यावर त्यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे संयोजन वर्षानुवर्षे केले. त्यांनी स्वतःचे वाद्यवृंद-संगीत लोकांपुढे आणण्याचा आग्रह धरला नाही. दुसऱ्याच्या चालीला भरजरी वस्त्र नेसविले आणि स्वतः मागे राहिले.

पहिल्याला कलावंत आणि दुसऱ्याला कारागीर म्हणण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. हा निवाडा आम्हांस मान्य नाही. वाद्यवृंदाचे संगीत मुळातच अनेकांनी मिळून घडविलेले असते. त्याला एका नावाच्या मापाने मोजले की माप चुकते. गोन्साल्विस यांची तळमळ थोर होती. परंतु त्यांच्या वाद्यवृंदाला उभे करणारे शंभर जण डिसोझांच्याच जातकुळीचे होते.

बूथ यांच्या ग्रंथाची कक्षा त्याच्या शीर्षकाप्रमाणे स्टुडिओपुरती आहे आणि तीत तो पुरेसा आहे. आम्हांस पडलेला प्रश्न तिच्या बाहेरचा आहे. आठवडाभर स्टुडिओत वाजविणारा माणूस रविवारी जेथे येई, तेथे आपण त्याची काय बूज राखली?

उत्तर देताना आम्हांस खाली पाहावे लागते. १९८० आणि १९९० च्या दशकांत सिंथेसायझर आला, प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होऊ लागले आणि व्हायोलिनांच्या रांगा ओसरल्या. निर्मात्यांचा हिशेब पैशाचा होता. पण पूर्वी एका धर्मग्रामात असताना आम्हीही सणाच्या निधीतून की-बोर्ड आणला, तेव्हा सोय पाहिली. गायकवृंदात एक वयस्क व्हायोलिनवादक होते. त्यांना कोणी काही सांगितले नाही. दोन रविवार ते पेटी घेऊन माडीवर आले. तिसऱ्या रविवारी रिकाम्या हाताने आले आणि खाली बाकावर बसले. त्यांनी तीस वर्षे स्टुडिओत वाजविले होते, हे त्यांच्या दफनविधीच्या दिवशी त्यांच्या मुलीकडून आम्हांस कळले.

आज मुंबईत २००६ साली स्थापन झालेला व्यावसायिक 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' आहे आणि त्यात वाजविण्यासाठी पुष्कळ वादक परदेशांतून बोलवावे लागतात. एके काळी धर्मग्रामाच्या शाळेतून मुंबईला तंतुवादक मिळत. ती शिकवणी आपण बंद पडू दिली. बूथ यांचा ग्रंथ ग्रंथालयातून मिळवून अवश्य वाचावा. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पेटी असेल, त्यांनी ती खाली काढून तिच्या धन्याचे नाव, गाव आणि त्याने वाजविलेली गाणी आठवतील तेवढी लिहून ठेवावीत. तारा नव्या मिळतात. पेटीतले व्हायोलिन शिकू पाहणारे मूलही धर्मग्रामात कोठेतरी असेलच.