एका मिनिटाचा खेळ

नभोवाणीवरच्या प्रश्नमंजुषेत श्रोत्याची उत्सुकता साधी असते : उत्तर येते की नाही? ते आले की ती संपली. बीबीसीच्या ‘जस्ट अ मिनिट’ या कार्यक्रमात मात्र प्रश्नच नाहीत. चार खेळाडू, एक अध्यक्ष आणि एखादा किरकोळ विषय. त्यावर साठ सेकंद बोलायचे. अडखळायचे नाही, पुनरुक्ती करायची नाही, विषय सोडायचा नाही. कोणी चुकला की दुसरा बझर दाबतो. हरकत मान्य झाली तर गुण त्याचा आणि उरलेली सेकंदेही त्याची. १९६७ च्या डिसेंबरात सुरू झालेला हा खेळ पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही ऐकला जातो. एवढ्याशा खेळात एवढे आहे तरी काय?

बोलघेवडा माणूस तोंडघशी पडला की आपल्याला बरे वाटते, हे पहिले उत्तर. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. पडण्याची गंमत क्षणभराची. खरी मौज त्याच्या आधी आहे. आपण रोज बोलतो ते तेच शब्द पुन्हा वापरून, मधे ‘म्हणजे’, ‘काय की’ असे टेकू लावून. नियम हे टेकूच काढून घेतो. एकदा ‘आई’ म्हणून झाले की पुढे ‘जन्मदात्री’ म्हणावे लागते आणि तेही संपले की ‘वडिलांची पत्नी’ अशी वळणे घ्यावी लागतात. डोंबाऱ्याच्या खेळात चालणे दोरीवर चढले की पाहण्याजोगे होते, तसे इथे साधे बोलणे ऐकण्याजोगे होते. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. अनेक कोट्या मला उमगत नाहीत. पण पुढचा शब्द शोधताना बोलणाऱ्याची जी धांदल उडते, ती समजायला शब्दकोश लागत नाही.

दुसरे कारण कादंबरीकार म्हणून मला अधिक मोलाचे वाटते. या कोंडीत माणसाचा स्वभाव लपत नाही. केनेथ विल्यम्स शब्द लांबवीत नाटकी तोऱ्यात बोलत आणि हरकत आली की संतापाचा थाट करीत. पीटर जोन्स यांचा स्वर सौम्य, थोडा ओशाळलेला. दोघांनाही नियम तेच; पण माणसे दोन. लेखकाने पानभर वर्णन करून जे साधायचे, ते इथे एका मिनिटाच्या आवाजात साधते.

आणि अध्यक्ष निकोलस पार्सन्स. ते खरे तर खेळाडू म्हणून येणार होते; योजलेले अध्यक्ष जिमी एडवर्ड्स येऊ शकले नाहीत म्हणून खुर्ची यांच्याकडे आली आणि २०२० मध्ये निधन होईपर्यंत ती त्यांचीच राहिली. खेळाडू त्यांची यथेच्छ टर उडवीत. ते गंभीरपणे निवाडे देत. हरकत चुकीची पण गमतीची असली, तरी गुण देत. त्यामुळे गुणांना किंमत उरत नसे आणि खेळाला मात्र येई.

दोष नाही असे नाही. क्लेमंट फ्रॉइड यांना याद्यांचा सोस. एकामागून एक नावे मोजून मापून म्हणत गेले की नियम शाबूत राहतो आणि सेकंदेही सरतात. पण बोलणे थांबून मोजदाद सुरू होते. नियम पाळला म्हणजे विनोद झाला, असे नाही, हे अशा वेळी कळते.

२०१२ मध्ये या कार्यक्रमाचे दोन भाग मुंबईत झाले; सायरस ब्रोचा आणि अनुवाब पाल हे आपल्याकडचे विनोदकार त्यांत खेळले, अर्थात इंग्रजीत. मराठीत खेळायचे तर अध्यक्षाची कठीण अवस्था! ‘हळूहळू’ ही पुनरुक्ती धरायची काय? ‘घरोघरी’चे काय करायचे? आमची भाषा पुष्कळदा शब्द दुसऱ्यांदा उच्चारूनच अर्थ पुरा करते.

या खेळाचा उगम मात्र मला अस्वस्थ करतो. त्याचे जनक इयन मेसिटर शाळेत एकदा तंद्रीत बसले होते. इतिहासाच्या मास्तरांनी ते पाहिले आणि गेल्या मिनिटात आपण जे सांगितले ते न अडखळता, पुनरुक्ती न करता सांग, असे फर्मावले. पुढे बसच्या वरच्या मजल्यावर बसलेले असताना मेसिटरना ही गोष्ट आठवली आणि शिक्षेचा खेळ झाला.

मीही मास्तर आहे. असा हुकूम मीही दिला आहे. मुलगा उभा राहिला, तिसऱ्या वाक्याला अडला, वर्ग हसला, तो खाली बसला. त्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला नाही. स्टुडिओतही लोक अडखळणाऱ्यालाच हसतात. पण तो आपल्या खुर्चीवर असतो, त्याच्या हाताशी बझर असतो आणि दहा सेकंदांत तो दुसऱ्याची चूक पकडून पुन्हा बोलू लागतो. ते हसणे बोचत नाही, ते एवढ्यामुळेच. या कार्यक्रमाची सारी गोडी मला त्या परत मिळणाऱ्या पाळीत दिसते. माझ्या वर्गात हसणे होते, नियम होता, अध्यक्षही होता. त्या मुलाला दुसरी पाळी तेवढी मी दिली नव्हती.