बोगद्यातले धुके

मराठी कादंबरी आणि बोरघाटाचा लोहमार्ग ही जवळजवळ जुळी भावंडे. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. घाटाचे काम १८५६ ला सुरू होऊन १८६३ ला पुरे झाले. पण आमच्या कादंबरीकारांना खंडाळ्यात धुके तेवढे दिसले. मीही त्यांतलाच. माझा नायक बोगद्याच्या अंधारात प्रेयसीचा हात धरतो. बोगदा कोणी फोडला हे त्यालाही ठाऊक नाही, मलाही नव्हते.

कंपनी लंडनची, मक्तेदार फॅविएल इंग्रज, त्याच्या हाताखाली आणखी मक्तेदार, आणि तळाशी सुरुंग लावणारा मजूर. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत घाटात दंगा झाला. त्याच वर्षी फॅविएलने मक्ता सोडला. जो तो खालच्याकडे बोट दाखवणार, अशी ही उतरंड. कादंबरीला आणखी काय हवे होते?

आज मावळातले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात. तिकडे देठाची लांबी मोजून घेतात. खुडणारीच्या बोटांचा हिशेब कोणाच्या वहीत? माझ्या वर्गातल्या एका मुलीने निबंधात लिहिले, ‘आईची फुले कुठे जातात ते आईला माहीत नाही.’ मी ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि दहापैकी सहा गुण दिले.